फूटपट्टी एकच हवी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरली. माणसे दगावली, हजारो घरांत चिखल साचला. उत्तर मिळाले : पाऊसच फार झाला. झाला, कबूल. पण तलावाच्या सांडव्यासमोरच विवेकानंद स्मारक उभे होते, त्याचे काय? ते कुणा झोपडीवाल्याने रातोरात उभारले नव्हते. सार्वजनिक पैशातून झाले होते. (विवेकानंदांबद्दल आदरच आहे, आक्षेप जागेला आहे.) रहिवाशांना हायकोर्ट गाठावे लागले.

मार्च २०२५ च्या दंगलीनंतर मात्र एका आरोपीचे घर महापालिकेने आठवड्याभरात पाडले. कारण? अनधिकृत बांधकाम. १५ दिवसांची नोटीस द्या, असे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्येच बजावले होते. पालिकेला पुढे हायकोर्टात माफी मागावी लागली.

म्हणजे बुलडोझर आहे, चालकही आहे. मग नाग नदीची निळी पूररेषा, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, खांब रोवून जमिनीवर दाखवा. आत जे सापडेल ते, बिल्डरचे, पालिकेचे किंवा आमच्या मोहल्ल्यातले, सारख्याच नोटिशीने हटवा. गरिबाला आधी पर्यायी घर द्या.