नववी लागली, बूट माळ्यावर

मैत्रिणींनो, जून उजाडला की आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता नववी! खेळबिळ बंद!" तुम्हाला तरी काय बोलू? गेल्या वर्षी मीच एका विद्यार्थिनीच्या आईला हा सल्ला दिला होता. मुलगी गणितात हुशार, आणि चारशे मीटर धावण्यात जिल्ह्यात पहिली. "बाई, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्या माउलीनं तिचा सराव थांबवलासुद्धा.

आणि मग चेन्नईच्या आय.आय.टी. मद्रासचा नियम माझ्या वाचनात आला. या संस्थेनं २०२४-२५ पासून पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जागा ठेवल्या. त्यांतली एक फक्त मुलींसाठी, बरं का! जागा जादा आहेत. कुणाच्या वाटच्या काढून घेतलेल्या नाहीत. अर्थात अभ्यासाला सुटी नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्तायादीत नाव यायलाच हवं. त्यानंतरची निवड मात्र खेळाडूंच्या वेगळ्या यादीतून.

खरी मेख पुढेच आहे. पदक राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं हवं, आणि तेही मागच्या चार वर्षांतलं. आता बोटांवर मोजा पाहू. बारावी, अकरावी, दहावी, नववी. म्हणजे आपण बूट माळ्यावर टाकतो, नेमकी तीच वर्षं! सातवीतलं पदक शोकेसमध्ये शोभेल, अर्जाला चालायचं नाही.

जिल्ह्यापासून राष्ट्रीय पदकापर्यंतचा पल्ला लांबचा आहे, हे मलाही कळतं. शेकड्यांतून एखादीच पोचायची. पण ती एखादी कोण, हे नववीतच आपण कसं ठरवणार?

परवा त्या आईकडे गेले. चहा होईपर्यंत धीर गोळा केला आणि म्हटलं, "माझं चुकलं हो. तिला पुन्हा धावू द्या."

त्या घटकाभर गप्प. मग म्हणाल्या, "बाई, सातला तिची शिकवणी. पहाटे अंधारात ग्राउंडवर सोबत कुणी जायचं? ह्यांची तर रात्रपाळी."

मला हे सुचलंच नव्हतं. शेवटी ठरलं, आठवड्यातून तीन दिवस त्या जातील, दोन दिवस मी. नाही तरी डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंच आहे! प्रमाणपत्रंही तारखेवार फाइलला लावली.

तेवढ्यात मुलगी बूट घालून बाहेर आली. वर्षभरात पाऊल वाढलं होतं. अंगठा पुढे टेकत होता.