टास्मान समुद्रावरचा तेलाचा हिशेब

१/ पिस्टन इंजिनाचा प्राण जितका पेट्रोलात, तितकाच वंगणतेलात असतो. १५ मे १९३५ रोजी टास्मान समुद्रावर घडलेला प्रसंग नेहमी शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. तो तेलाच्या हिशेबाची कथा म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरेल.

२/ ‘सदर्न क्रॉस’ हे तीन इंजिनांचे फोकर विमान. चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ यांनी १९२८ मध्ये याच विमानातून प्रशांत महासागर ओलांडला होता. सात वर्षांनी तेच विमान पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे टपाल घेऊन ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडकडे निघाले. सोबत होते नॅव्हिगेटर पी. जी. टेलर आणि बिनतारी यंत्र सांभाळणारे जॉन स्टॅनेज.

३/ वाटेत मधल्या इंजिनाच्या एक्झॉस्टचा तुकडा निखळून उजव्या प्रोपेलरवर आदळला. उजवे इंजिन बंद करावे लागले. विमान माघारी वळले. भार हलका करण्यासाठी टपालही समुद्रात गेले. उरलेल्या इंजिनांवर ताण आला आणि डावे इंजिन झपाट्याने तेल जाळू लागले. तेल आटले की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते आणि इंजिन जाम होते. मग टाकीत पेट्रोल असूनही ते व्यर्थ.

४/ बंद पडलेल्या इंजिनात मात्र तेल शिल्लक होते. टेलर सोसाट्याच्या झोतात आधारदांडीवरून तिथवर गेले आणि थर्मासच्या आवरणात तेल काढले. स्टॅनेज यांच्या मदतीने ते डाव्या इंजिनात ओतले गेले. त्या वेळी डावे इंजिन मंद ठेवावे लागे आणि विमान खाली येई. म्हणून किंग्जफर्ड स्मिथ आधी उंची गाठून ठेवत. असे ६ वेळा घडले, तेव्हा विमान सिडनीच्या मॅस्कॉट विमानतळावर सुखरूप उतरले.

५/ टेलर यांना १९३७ मध्ये एम्पायर गॅलंट्री मेडल मिळाले. पुढे त्याचे रूपांतर जॉर्ज क्रॉसमध्ये झाले. हा सन्मान रास्तच. परंतु पदकाच्या झळाळीत एक प्रश्न झाकला जातो : एका इंजिनाचे तेल दुसऱ्याला देण्याची सोय विमानातच असती, तर माणसाला पंखाखाली लोंबकळावे लागले असते का?

६/ १९३५ च्याच नोव्हेंबरमध्ये अलाहाबादहून सिंगापूरकडे दुसऱ्या विमानातून जाताना किंग्जफर्ड स्मिथ नाहीसे झाले. धाडस दरवेळी तारून नेत नाही. म्हणून इतिहासाने वीराला वंदन करावे. पण त्याला वीर होणे भाग पाडणारी उणीवही तितक्याच ठळकपणे नोंदवावी.