बॉम्ब जात विचारत नाही, प्रेत उचलणारे विचारतात

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडत होती, तेव्हा आमच्या देवणी-उदगीर भागातल्या पोरांच्या स्टेटसवर 'एकदाचा अणुबॉम्ब टाका' असा मजकूर फिरत होता. डीपीला निळा झेंडा लावणारी आपली पोरंही त्यात होती. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. १२ मे रोजी बुद्ध पौर्णिमा होती. त्याच स्टेटसवर मग पंचशील आलं. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याची शपथ आणि लाखो माणसं जाळण्याची मागणी एकाच मोबाईलवर, दोन दिवसांच्या अंतराने! यात कुणालाच विसंगती दिसली नाही, हा माझ्या काळजीचा विषय आहे.

या मित्रांनी एक चित्र बघावं. जपानमधील इरी आणि तोशी मारुकी या चित्रकार जोडप्याने १९५० ते १९८२ अशी बत्तीस वर्षं खपून अणुबॉम्बवर पंधरा भव्य चित्रं काढली. एकेक चित्र सुमारे सहा फूट उंच आणि चोवीस फूट लांब. इरी मूळचे हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच दोघेही त्या शहरात पोहोचले. जखमींना उचललं, प्रेतं जाळली. पुढे जे काढलं ते डोळ्यांनी बघितलेलं आणि वाचलेल्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्या वेळी जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता आणि बॉम्बच्या परिणामांबद्दल लिहिण्या-दाखवण्यावर सेन्सॉरशिप होती. तरीही त्यांनी चित्रं गावोगावी नेली.

या चित्रांत आकाशात उठलेला तो प्रसिद्ध ढग शोधायला जाऊ नका. तिथे माणसं आहेत. कातडी लोंबत असलेली, हात पुढे करून चालणारी, पाण्यासाठी नदीत उतरून तिथेच मेलेली, लेकराला छातीशी धरून बसलेली. विमानातून बघणाऱ्याला ढग दिसतो. जमिनीवर असलेल्याला माणूस दिसतो. आंबेडकरी माणसाने कुठून बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

पण मला खरं बोलायचं आहे ते चौदाव्या चित्राबद्दल. १९७२ साली काढलेल्या या चित्राचं नाव आहे 'कावळे'. १९१० ते १९४५ कोरिया जपानचा गुलाम होता. हजारो कोरियन मजूर जबरदस्तीने आणून हिरोशिमा-नागासाकीच्या कारखान्यांत राबवले जात होते. बॉम्बने त्यांनाही जाळलं. मात्र प्रेतं उचलायची वेळ आली तेव्हा कोरियनांची प्रेतं सर्वांत शेवटी उरली आणि त्यांच्यावर कावळे उतरले. मारुकींनी काळ्या शाईत काळे कावळे काढले आणि त्या अंधारात कोरियन बाईचा एक पांढरा पोशाख तरंगता ठेवला. कोरियन मृतांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं तेही हिरोशिमाच्या शांतता उद्यानाबाहेर. आत यायला त्याला १९९९ साल उजाडावं लागलं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे मेल्यावरही जात सुटत नाही. गावाची स्मशानभूमी वेगळी, आपली वेगळी, आणि कित्येक ठिकाणी आपल्या प्रेताला रस्ताच नाही. 'कावळे' हे आपल्या गावकुसाबाहेरचं चित्र आहे. बॉम्ब सगळ्यांना सारखंच मारतो, पण ज्या समाजात तो पडतो तो समाज मेलेल्यांनाही सारखं मानत नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की, हे चित्र एका जपानी जोडप्याने काढलं. आपण बॉम्बचे बळी आहोत, एवढ्यावर ते थांबले नाहीत. हिरोशिमात मेलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांवरही त्यांनी चित्र काढलं. १९७५ साली जपानी सैन्याने चीनच्या नानकिंगमध्ये केलेल्या कत्तलीवर काढलं. स्वतःच्या देशाला आरसा दाखवणारी देशभक्ती ती हीच.

आणि आपल्याकडे? १९७४ च्या पोखरण अणुचाचणीला नाव काय, तर 'स्मायलिंग बुद्धा'. ११ मे १९९८ च्या चाचण्यांचा दिवस कोणता, तर बुद्ध पौर्णिमा. मनुवादी व्यवस्थेने बुद्धाला आधी देशाबाहेर घालवलं, मग अवतार केलं आणि शेवटी बॉम्बवर हसायला लावलं. त्या बॉम्बसाठी लागणारं युरेनियम झारखंडमधील जादूगोड्यात आदिवासींच्या गावांखालून निघतं. तिथल्या माहितीपटाला दिग्दर्शक श्रीप्रकाश यांनी नाव दिलं, 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा'. बुद्ध कुठे असेल, याचं उत्तर त्या एका नावात आहे.

काहीजण म्हणतील, बाबासाहेब काही शस्त्रविरोधी नव्हते. बरोबर आहे. ते भाबडे शांततावादी नव्हते, देशाच्या संरक्षणाबद्दल ते अत्यंत गंभीर होते. पण १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनीच हिशेब मांडला होता की, वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि याचं कारण आपलं परराष्ट्र धोरण आहे. युद्धज्वरात वाहून जाणारा माणूस असा हिशेब मांडत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसणं हे मानलं नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांविरुद्ध युद्ध पुकारलं, सिद्धार्थाने भर संघात विरोध केला, बहुमत विरोधात गेलं. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची टांगती तलवार आली, तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच युद्धाला दिलेल्या नकारातून होते. पाणी आणि बहिष्कार हे शब्द तर आपल्या हाडीमांसी भिनलेले आहेत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ६ ऑगस्टला देवणी तालुक्यातील प्रत्येक बुद्धविहारात मारुकींच्या एखाद्या चित्राची मोठी छपाई भिंतीवर लावा. पोरांना त्यासमोर बसवा आणि विचारा, यातले आपण कोण? आपल्यातल्या चित्रकार पोरांनी जयंतीच्या बॅनरच्या पलीकडे जाऊन विहाराच्या भिंती रंगवाव्यात. अजिंठा याच मराठवाड्यात आहे. भिंतीवरून धम्म सांगण्याची कला आपल्याला नवी नाही.

पुढच्या वेळी युद्धाचे ढोल वाजतील तेव्हा स्टेटस टाकण्याआधी तो काळा कावळा आठवा. तो आधी कुणाच्या प्रेतावर बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

जयभीम!