जर्सी : जिथे मंत्र्यांचे बहुमत कायद्यानेच रोखले आहे

सत्ताधाऱ्यांकडे एकदा आकडा जमला की सभागृहातील प्रश्नांना अर्थ उरत नाही, असे चळवळीतील अनेक तरुण आज निराशेने म्हणतात. म्हणूनच फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील जर्सी या छोट्या बेटाचा कारभार आम्हाला अभ्यासण्याजोगा वाटतो.

२०२१ च्या जनगणनेनुसार जर्सीची लोकसंख्या सुमारे १ लाख ३ हजार. बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन आहे, पण ब्रिटनचा भाग नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहाराची जबाबदारी ब्रिटनवर. कर, आरोग्य, शिक्षण यांचे निर्णय मात्र बेटाचे ४९ सदस्यांचे सभागृह घेते.

२००५ पर्यंत तिथे मंत्री नव्हते. प्रत्येक खाते सदस्यांची एक समिती चालवी. निर्णय रेंगाळत, जबाबदार कोण हे कळत नसे. सर सेसिल क्लोदियर यांच्या समितीने २००० मध्ये मंत्रिमंडळ पद्धतीची शिफारस केली आणि डिसेंबर २००५ पासून ती सुरू झाली.

मग मोजक्या मंत्र्यांच्या हाती सगळी सत्ता जाईल, ही भीती आली. त्यावर उपाय म्हणून कायद्यातच मर्यादा घातली गेली. तिला ‘ट्रॉय नियम’ म्हणतात. मंत्री आणि सहायक मंत्री मिळून संख्या २१ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे सभागृहात सरकारबाहेरचे सदस्य नेहमीच जास्त. त्यांच्या छाननी समित्या मंत्र्यांना बोलावून जाब विचारतात. बहुतेक सदस्य अपक्ष असल्याने पक्षादेशाचा धाकही कमी. मुख्यमंत्री सभागृहच निवडते आणि जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री क्रिस्टिना मूर यांना अविश्वास ठरावाने त्याच सभागृहाने हटवले.

इथे बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आठवते. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. भारताने जबाबदारीला अधिक महत्त्व दिले, असे त्यांनी मांडले. सरकारचा हिशेब पाच वर्षांनी एकदाच नव्हे, सभागृहात रोज व्हावा, ही त्यामागची अपेक्षा होती. आपल्याकडे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४३. पण मंत्री नसलेला सत्ताधारी आमदारही व्हिपने बांधलेला असतो. त्यामुळे रोजचा हिशेब कागदावरच राहतो.

तरीही जर्सीला आदर्श म्हणून डोक्यावर घ्यायचे कारण नाही. तिथल्या १२ पॅरिशांचे प्रमुख, म्हणजे कॉन्स्टेबल, पदसिद्ध सदस्य असतात. सुमारे ३५ हजार वस्तीच्या सेंट हेलियरचा एक आणि दोन हजारांहून कमी वस्तीच्या सेंट मेरीचाही एकच! प्रत्येकाला मत आहे, पण प्रत्येक मताचे मूल्य समान नाही. २०१४ च्या सार्वमतात लोकांनी हीच पद्धत कायम ठेवली. २०२२ च्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार मतदानालाच आले नाहीत.

म्हणून सरकारवर अंकुश ठेवणारा नियम आणि मताचे समान मूल्य, दोन्ही हवेत. एक असून भागत नाही. आपल्या आमदाराला केवळ ‘कोणत्या पक्षात आहात’ एवढेच न विचारता, ‘सभागृहात मंत्र्याला शेवटचा प्रश्न कधी विचारला’ हेही तरुणांनी विचारले पाहिजे. रोजचा हिशेब मागण्याची सुरुवात तिथूनच होते.