शुद्ध लोणकढी!

सांगा पाहू, लोणकढी म्हणजे काय? अ) लोणी काढल्यावर उरलेल्या ताकाची कढी. ब) लोणी कढवून केलेलं ताजं तूप. क) लोणावळ्याच्या चिक्कीचा एक प्रकार.

'अ' म्हणालात? गेलात! उत्तर 'ब'. आणि जागच्या जागी रचलेल्या ताज्या, खमंग थापेला 'लोणकढी थाप' म्हणतात ते यावरूनच. आमच्या ग्रुपच्या लाडक्या खेळाचं नावही तेच.

पावसाळी वीकेन्डला पळसदरीला जाणाऱ्या पब्लिकसाठी हा खेळ म्हणजे वरदान आहे. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसायचं, पुढच्याच स्टेशनवर उतरायचं. तळं, स्वामी समर्थांचा मठ, धबधबा, भजी... दुपारपर्यंत सगळं आटपतं. मग पाऊस असा लागतो, की खोलीबाहेर पाय टाकायची सोय नाही. मेंढीकोट झाला, बदाम सात झालं, चॅलेंजमध्ये भांडणं झाली. आता? आता लोणकढी काढायची!

फंडा एकदम सोप्पा. एक जण मास्तर. तो शब्दकोशातून कुणालाच ठाऊक नसलेला शब्द काढतो आणि त्याचं लिंग सांगतो. बाकीचे चिठ्ठीवर मनानेच अर्थ ठोकून देतात, मास्तर खरा अर्थ लिहितो. सगळ्या चिठ्ठ्या एका सुरात वाचायच्या आणि कुठला अर्थ खरा यावर मतं घ्यायची. खरा ओळखला तर एक मार्क, आपल्या थापेला कुणी भुललं तर दर डोक्यामागे एक मार्क. मास्तर हसला तर डाव बाद!

विलायतेत हे जुनंच. बीबीसीवर १९६५मध्ये 'कॉल माय ब्लफ' सुरू झालं, तर कॅनडातून १९८४मध्ये 'बॉल्डरडॅश' हा डबाबंद खेळ आला. आपल्याला डबा घ्यायची गरज नाही. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८मधले. शिकागो विद्यापीठाच्या कृपेने दोन्ही आज मोबाइलवर फुकट चाळता येतात. दारूगोळा भरपूर आहे!

थाप मारायचंही तंत्र असतं बरं का. 'आंबोण' घ्या, नपुंसकलिंगी. कुणी लिहिलं 'आंबे उतरवायचं जाळं', ज्याला खरं तर झेला म्हणतात. कुणी लिहिलं 'आंबट ताकातलं पिठलं'. एकाने 'आंबराईची राखण करणारा म्हातारा' असं झकास लिहिलं, पण म्हातारा नपुंसकलिंगी कसा? तिथेच आउट! खरा अर्थ अगदीच साधा: दुभत्या गाईम्हशींसाठी भिजवलेला कोंडा-पेंडीचा खुराक. त्याला मत पडलंच नाही. थाप नेहमी सत्यापेक्षा जास्त सजूनधजून येते. ऑफिसात अप्रेझलच्या वेळी बॉस बोलतो ना, तशी!

पण पळसदरीत या खेळाची एकदा चांगलीच गोची झाली. शब्द होता 'इरलं'. अर्थ आले: मिरचीचा खर्डा, बैलाच्या गळ्यातली घंटा, लहान मुलाचं टोपडं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच थबकल्या. "इरलं ठाव नाय तुमाला? लावनीला डोक्यावर घ्यायचं. आता समदी पलास्टिक घेतात." बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं, पाठ झाकणारं पावसाळी आच्छादन ते हेच. खिडकीतून दिसणाऱ्या खाचरांत बायका भात लावत होत्या, डोक्यावर निळं प्लॅस्टिक घेऊन.

मग आमच्या यादीतले बाकीचे 'दुर्मीळ' शब्दही मावशींनी फटाफट सोडवले. राब? उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात तो. वरकस? डोंगरउतारावरची हलकी जमीन, नाचणी-वरीची. मावशींना शंभरपैकी शंभर! शब्द दुर्मीळ नव्हतेच. कर्जतच्या अलीकडे राहणाऱ्यांना ते कधी लागले नव्हते, एवढंच.

आणि लागतील, मंडळी! कारण आपल्यातल्या निम्म्या पब्लिकला सध्या कर्जत-खालापुरात 'सेकंड होम' हवंय. तिथे एजंट आपल्याशी हाच खेळ खेळतो. फरक इतकाच, की शेवटी खरी चिठ्ठी वाचून दाखवायचं बंधन त्याच्यावर नाही. सातबाऱ्यावर 'वरकस' दिसलं, की तो म्हणतो, "हिल व्ह्यू आहे सर!" 'पोटखराबा' विचारा, "जुना शब्द आहे हो, असतोच सगळीकडे." प्रत्यक्षात पोटखराबा म्हणजे त्याच गटातली लागवडीला अयोग्य जागा, किंवा रस्ता, कालवा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. 'भोगवटादार वर्ग २' म्हणजे सेकंड क्लासचा डबा नव्हे. ती जमीन विकायला बंधनं असतात, सरकारी परवानगी लागते. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचं नाव असं काहीही बसलेलं असू शकतं. आणि मुळात १९४८च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, हे तर ब्रोशरमध्ये कुठेच नसतं!

खेळात चुकीच्या चिठ्ठीला मत दिलं, तर एक मार्क जातो. इथे आयुष्यभराची बचत जाते, वर ईएमआय चालूच.

तेव्हा पुढच्या लोणकढीला एक राउंड सातबाऱ्याचा ठेवा. महाभूलेखवर कुठलाही उतारा उघडा, त्यातले शब्द काढा, मनसोक्त थापा मारा, खिदळा. पण राउंड संपला, की खरे अर्थ नीट लिहून घ्या. आणि अडलात, तर एजंटला फोन लावण्याआधी चहा आणणाऱ्या मावशींना विचारा. त्यांना काही विकायचं नसतं!