आज डबा नाही!

सोमवारी दीड वाजला तरी डबा नाही. तणतणत कोथरूडला मेस गाठली, तर काकू स्वतःच पोळ्या लाटतायत! पोळ्यांच्या मावशी ५ हजारांची उचल घेऊन गायब, मोबाइल स्विच्ड ऑफ. डबे पोचवणारा पोरगा तर कधीच डिलिव्हरी अ‍ॅपवर गेलाय.

‘‘शिकवायचं मी, आणि कुणी ५०० जास्त दिले की चालल्या!’’ काकू करवादल्या.

पटलं. तरी विचारलंच, ‘‘काकू, त्यांना सुट्टी कधी असते?’’

लाटणं थांबलं. ‘‘मला तरी कुठे असते गं?’’

बॉस, आपल्याला फाइव्ह डे वीक मस्ट, डबा मात्र गरमागरम, तोही ८० रुपयांत! मागे काकूंनी १० रुपये वाढवले, तेव्हा सगळ्यात जोरात कोण ओरडलं होतं? अस्मादिकच.

काकूंनी दुसरं लाटणं पुढे केलं. आणखी २२ डबे जायचे होते.