हिशेब विचारणारी पिढी

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. भाषेच्या सौंदर्यावर पुष्कळ बोलले गेले. पण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी, हा लहान मुलांचा गोंधळ मागे पडला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण मांडली होती.

आम्हांस वाटते, मुलाच्या बाजूने पाहण्याचा हाच न्याय शाब्दिक उदाहरणांनाही लावावा. उदाहरण पुरते वाचण्याआधीच मुले विचारतात, “गुरुजी, बेरीज की वजाबाकी?” आपण सांगून टाकतो आणि विचार करण्याची पाळी मुलांवर येतच नाही. रापणीतले २४ बांगडे चार घरांत सारखे वाटायचे असतील, तर आधी चिंचोके मांडू द्यावेत. काय दिले आहे, काय काढायचे आहे, हे मुलाने आपल्या मालवणीत सांगावे. सहा आल्यावर चार सक चोवीस म्हणून ताळा पाहावा. ‘भागाकार’ हे नाव शेवटी आले तरी चालेल.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. खोताचा हिशेब मुकाट्याने मानणाऱ्या पिढ्या याच कोकणात होऊन गेल्या; ती खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : सुट्टीत घरी आलेल्या मुलाला उत्तर सांगू नका, ‘कसे काढलेस?’ एवढेच विचारा, आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या.